कुत्र्याला ऑटो चालवता आला, तर गोष्ट तिथेच संपली: नागपुरातल्या एका ॲनिमेशनपटाचं प्रकरण

हे प्रकरण नागपूरमधल्या एका छोट्या स्टुडिओचं आहे. सगळी मुख्य पात्रं कुत्रीच असलेला एक साहसपट त्यांनी केला. स्टुडिओचं, माणसांचं आणि चित्रपटाचं नाव दिलेलं नाही, पात्रांची नावंही बदलली आहेत. पटकथा बघायला म्हणून मी मधल्या टप्प्यावर या कामात आलो. त्याआधीचं जे लिहिलं आहे ते त्यांच्या वह्या, जुनी ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेनुसार जोडून केलेली कच्ची फिल्म) आणि सांगण्यावरून.

पार्श्वभूमी

प्रतापनगर भागातल्या एका फ्लॅटमध्ये पाच जणांचा स्टुडिओ. पोट भरतं ते बिल्डर लोकांच्या कामावर. वर्धा रोड, बेसा, मनीषनगरकडे उभ्या राहणाऱ्या इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू, म्हणजे इमारत आतून-बाहेरून फिरून दाखवणारे व्हिडिओ, कोचिंग क्लासच्या जाहिराती, कधी लग्नाचं व्हिडिओ आमंत्रण. म्हणजे हात थ्रीडीवर बसलेला आणि मन मात्र हाताने काढलेल्या चित्रांत. दिग्दर्शिका कमर्शियल आर्ट शिकलेली, मुख्य ॲनिमेटर शिकाऊ म्हणून हैदराबादला दोन वर्षं काढून परत आलेला.

गोष्टीचं बी पडलं २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे. त्या रात्री काही तासांत इतका पाऊस कोसळला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांत शिरली आणि लोकांना झोपेतून उठून गच्ची गाठावी लागली. ॲनिमेटर राहतो त्या गल्लीतल्या कुत्रीने त्या रात्री आपली पिल्लं एकेक करून मानगुटीला धरून जिन्यावर नेली. तो वरून बघत होता. खाली उतरायची सोय नव्हती.

यावरून गोष्ट तयार झाली. चिंगी नावाची गावठी कुत्री तीन पिल्लं वर नेते, चौथं संत्र्याच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये बसलेलं असतं आणि क्रेट वाहून जातं. नाग नदी शहराच्या पश्चिमेकडून येते आणि शहर चिरत पूर्वेला जाते. चिंगीही तशीच निघते. सोबत दोन कुत्री, त्यातला एक भुऱ्या. वाटेत धरमपेठ, सीताबर्डी, महाल, आणि थेट पारडीपर्यंत.

साहस कशात आहे, हे पहिल्या पानावरच होतं, फक्त तेव्हा कुणाला दिसलं नाही. गल्लीतल्या कुत्र्याला शहर ओलांडायचं म्हणजे दर चौकात दुसऱ्या टोळीचा इलाखा ओलांडायचा. माणसासाठी जो वीस मिनिटांचा मेट्रोचा प्रवास, तो कुत्र्यासाठी दहा-बारा राज्यांच्या सीमा.

पैसे तीन ठिकाणचे होते. स्टुडिओची शिल्लक, दिग्दर्शिकेच्या घरचे, आणि साधारण एक तृतीयांश रक्कम एका ओळखीच्या व्यावसायिकाची. या गृहस्थांना पुढे ‘साहेब’ म्हणू, कारण स्टुडिओत सगळे तेच म्हणत.

अडचण

पहिली पटकथा १९ मिनिटांची झाली. तिच्यात सगळंच होतं. कुत्री पकडणारी गाडी आणि तिचा क्रूर ड्रायव्हर. गॉगल घातलेला म्हातारा कुत्रा. मोबाइलवर नकाशा बघणारी चिंगी. आणि शेवटी तिघं मिळून ई-रिक्षा पळवतात, तो मोठा पाठलाग. चुकीचं असं नाही, अशा चित्रपटांत कुत्री यापेक्षा जास्त काही करतात.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी एका सोसायटीच्या हॉलमध्ये ॲनिमॅटिक दाखवलं, कच्च्या आवाजासह. सहा ते बारा वयाची मुलं आणि मागे खुर्च्यांवर त्यांचे आईबाप.

मुलं हसली, पण चुकीच्या जागी. ई-रिक्षाच्या पाठलागात, जिथे श्वास रोखायला हवा, तिथे मागची रांग आपसांत बोलायला लागली. संपल्यावर दिग्दर्शिकेने विचारलं, काही कळलं नाही का? पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, “मंग पह्यलेच ऑटो घेऊन काऊन नाई गेला?”

प्रश्न बिनतोड होता. ज्या कुत्र्याला पंधराव्या मिनिटाला रिक्षा चालवता येते, त्याने पहिली चौदा मिनिटं पायी का काढली? मोबाइल बघता येतो तर पिल्लू हरवलं कसं? मुलांना भीती वाटत नव्हती, कारण या कुत्र्यांना काहीही अशक्य नव्हतं.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी समोर आल्या. तिन्ही कुत्री गावठी, तिन्ही तपकिरी. पावसाच्या, रात्रीच्या दृश्यांत चिंगी कुठली आणि भुऱ्या कुठला हे मुलांना ओळखू येत नव्हतं. दुसरी तक्रार मागच्या खुर्च्यांवरून आली. शेवटी एक लहान मुलगा चिंगीला मिठी मारतो, ते दृश्य बघून एक आई उठून म्हणाली की आमच्या सोसायटीत कुत्रा चावल्याच्या घटना झाल्यात आणि तुम्ही पोरांना अनोळखी कुत्र्याच्या गळ्यात पडायला शिकवताय.

या तक्रारीला नागपुरात वेगळं वजन आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांना सार्वजनिक जागी खायला घालण्यावर कडक आदेश दिला होता आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या काही निर्देशांना स्थगिती दिली. तेव्हापासून शहरातल्या प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन पक्ष आहेत. कुत्र्यांवरचा चित्रपट काढणारा माणूस त्या भांडणाच्या मधोमध उभा राहतो, त्याला हवं असो वा नसो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय साहेबांनी सुचवला: थ्रीडी करा. मशीन आहेत, सॉफ्टवेअर फुकटचं ब्लेंडर आहे, माणसं वॉकथ्रू रोज करतातच. २०२५ च्या मार्चमध्ये ‘फ्लो’ या लॅटव्हियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तो ब्लेंडरमध्येच केलेला, प्राणीच प्राणी आणि एकही संवाद नाही. साहेबांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. पण त्या चित्रपटामागे कित्येक वर्षांचं काम आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटाचं बजेट होतं, हे ते सोडून देत.

स्टुडिओने मग हिशेबच मांडला. पावसात भिजलेल्या तीन कुत्र्यांच्या केसांसकट एक फ्रेम त्यांच्या मशीनवर रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार व्हायला, साधारण २० मिनिटं लागत होती. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १९ मिनिटांच्या २७,३६० फ्रेम. एका मशीनवर ३८० दिवस, अहोरात्र. चार मशीन लावली तरी तीन महिन्यांच्या वर, आणि त्या काळात बिल्डरचं एकही काम घ्यायचं नाही. शिवाय हे महिने पडले असते एप्रिल-मे-जूनमध्ये. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या खोलीत चार मशीन चोवीस तास तापवायची म्हणजे एसीचं बिल आणि लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा. हा पर्याय कागदावरच बाद झाला.

दुसरा पर्याय: पटकथा तशीच ठेवायची, टूडीत करायची, विनोद वाढवायचा. पाठलाग विनोदीच समजायचा. मुख्य ॲनिमेटरचा याला पाठिंबा होता, कारण त्याने ई-रिक्षाचे दोन शॉट जवळजवळ पूर्ण केले होते आणि ते खरंच सुंदर होते.

तिसरा: संवाद काढून टाकायचे, कुत्री फक्त कुत्री. हा पर्याय स्वच्छ होता, पण झेपणारा नव्हता. शब्दाविना गोष्ट सांगायला अभिनय जास्त लागतो, म्हणजे चित्रं जास्त लागतात, आणि नेमकी तीच परवडत नव्हती.

चौथा पर्याय माझा. गोष्टीत हात घालण्याआधी एक नियमावली करा: या चित्रपटात कुत्रा काय करू शकतो आणि काय नाही. मग पटकथेतलं प्रत्येक दृश्य त्या चाळणीतून काढा.

मला वाटतं या कामातला खरा निर्णय हाच होता. बाकीचे त्यातून निघाले.

नियम कसा ठरला

भांडण झालं ते बोलण्यावरून. कुत्री बोलणार की नाही? शेवटी ठरलं की आपसांत बोलतील. चौकटीत माणूस आला की फक्त भुंकतील, कुंईकुंई करतील, गुरगुरतील. माणसांचं बोलणं प्रेक्षकाला कुत्र्याच्या कानाने ऐकू येईल, घोगरं आणि अस्पष्ट. त्यातून हाक, शिव्या, ‘हाड’ आणि ‘ये ये’ एवढंच समजेल.

हातांचा वापर बंद. दार उघडायचं तर ढकलून, दोरी सोडवायची तर चावून. नकाशा बंद, वाट शोधायची ती वासाने आणि नदीच्या आवाजाने. गॉगल अर्थातच गेला.

मग कॅमेऱ्याची उंची. चिंगीचे डोळे जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. सगळा चित्रपट त्याच उंचीवरून बघायचा. याचा खर्चावर काय परिणाम होईल हे ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माणसं गुडघ्यापर्यंतच दिसायला लागली: चपला, गमबूट, साडीचे काठ, सायकलची चाकं. चेहरे नाहीत, म्हणजे त्यांचं लिपसिंक, बोलण्याशी ओठ जुळवायचं काम, नाही. सीताबर्डीच्या गर्दीचं जे एक दृश्य आधी सगळ्यांना घाम फोडत होतं, ते पायांच्या जंगलात बदललं आणि त्यातले निम्मे पाय पुन्हा पुन्हा वापरता आले. नुकसानही झालं. माणसाच्या उंचीवरून रंगवलेल्या चौकांच्या बऱ्याच पार्श्वभूमी टाकून द्याव्या लागल्या आणि गटारं, गाड्यांचे तळ, हातगाड्यांच्या खालची बाजू नव्याने काढावी लागली. पार्श्वभूमी काढणारी मुलगी आठवडाभर कुणाशी बोलत नव्हती.

नियमामुळे सगळ्यात जास्त बदललं ते मारबतीचं दृश्य. पहिल्या पटकथेत कुत्री पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या काळ्या-पिवळ्या मारबतीच्या, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत घुसतात, बडग्याच्या (सोबतच्या पुरुषाच्या पुतळ्याच्या) खांद्यावर चढतात आणि गर्दीवरून उड्या मारत निसटतात. नागपूरकर प्रेक्षक टाळ्या वाजवणार हे गृहीत धरलेलं. पण खरा कुत्रा ढोल, फटाके आणि हजारो माणसं बघून काय करेल? पळेल, नाही तर लपेल. म्हणून चिंगी एका हातगाडीखाली अंग चोरून बसते आणि पूर्ण मिरवणूक तिच्यासमोरून जाते, फक्त पाय, गुलाल, खाली पडलेली बडग्याची सावली आणि “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत” ही आरोळी, जिच्यातलं तिला काही कळत नाही. तिला पलीकडे जायचं आहे आणि जाता येत नाही. दीड मिनिटाचं दृश्य, पार्श्वभूमी एकच. चित्रपटातलं सर्वोत्तम दृश्य हेच आहे, असं माझं मत. (२०२३ मध्ये मारबत पुराच्या आठवडाभर आधीच होऊन गेली होती, चित्रपटात क्रम उलटा आहे. दुसऱ्या खेळाला एका आजोबांनी हे बरोबर पकडलं. क्रम तसाच ठेवला.)

खलनायकाचं काय करायचं

साहेब इथे अडले. कुत्री पकडणारी गाडी गेली तर गोष्टीत राक्षसच उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पटकथेत ती गाडी कुत्र्यांना मारायला नेत होती.

हे वस्तुस्थितीला धरून नव्हतं. प्राणी जन्म नियंत्रणाच्या नियमांनुसार (आधी २००१ चे, आता २०२३ चे) पकडलेल्या कुत्र्याची नसबंदी करायची, त्याला रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. खूण म्हणून कानाला छोटी कात्री लावतात. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण मुलांच्या चित्रपटात ती गाडी कत्तलखान्यासारखी दाखवणं म्हणजे सोसायटीच्या भांडणात आणखी एक खोटी गोष्ट टाकणं.

गाडी काढली. मात्र त्या चर्चेतून कान सापडला. चिंगीच्या डाव्या कानाला त्रिकोणी काप आहे, म्हणजे तिची पिल्लं होऊन गेल्यावर तिला नेऊन आणलेलं असणार, असं कुणी म्हणालं. मग पिल्लांचं वय थोडं वाढवलं, ती दूध सुटलेली आणि खोडकर केली, आणि हिशेब जुळला. त्याहून महत्त्वाचं, अंधारातसुद्धा नुसत्या सावलीवरून चिंगी ओळखू यायला लागली.

ओळखीचा प्रश्न असा आकारावर सोडवला. भुऱ्याच्या अंगावर ठिपके टाकायची एक सूचना होती, ती फेटाळली. हाताने काढलेल्या प्रत्येक चित्रात ठिपके त्याच जागी ठेवणं किती महाग पडतं, याचं जुनं उदाहरण डिस्नेच्या १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’चं. तिथे पेन्सिलची चित्रं झेरॉक्सच्या तंत्राने थेट पारदर्शक शीटवर उतरवली, म्हणून तेवढे ठिपके झेपले. इथे ठिपके बसवायला एक मुलगा आणि एक टॅब्लेट होता. भुऱ्याला त्याऐवजी लंगडा केला.

तिसरा गावठी कुत्रा पूर्णच बदलला. त्याच्या जागी धरमपेठेतल्या बंगल्यातून पुरात बाहेर पडलेला ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर आला. गुबगुबीत, गळ्यात पट्टा, गल्लीचे कायदे माहीत नसलेला. शेपूट वर करून तो सरळ दुसऱ्या टोळीच्या चौकात जातो आणि खांबावर पाय वर करतो. मुलं इथे लोळली. साहेबांना हे दृश्य असभ्य वाटलं, पण कुत्र्यांच्या जगात युद्ध पेटायला एवढं एक कारण पुरतं, आणि खलनायकाची जागाही अशीच भरून निघाली. दर चौकात राखणदार आहे आणि त्याच्या बाजूने बघितलं तर तो बरोबरच आहे.

साहेबांनी यानंतरचा हप्ता दिला नाही. आधी दिलेले पैसे परत मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. लांबी ११ मिनिटांवर आणण्यामागे पटकथेची शिस्त जितकी होती तितकाच हा हप्ता होता.

पाय, भाषा आणि बाकीचं काम

एका सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे टूजवर (एक चित्र दोन फ्रेम), असं काम धरलं. ११ मिनिटांची ७,९२० चित्रं, आणि एका चौकटीत दोन-तीन कुत्री असली की त्याच्या पटीत.

चाल पहिल्यांदा साफ चुकली होती. चालताना समोरचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम उचललेले, त्यामुळे कुत्री तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलासारखी टकटक जायची. तिरकी जोडी एकदम उचलणं ही दुडक्या चालीची रीत. सावकाश चालताना कुत्रा चार वेगळे ठोके टाकतो: मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. मायब्रिजने १८८७ मध्ये छापलेल्या प्राण्यांच्या हालचालींच्या छायाचित्रांत हे दिसतंच, पण शिकले ते फोनच्या स्लो मोशनवर गल्लीतली कुत्री टिपून. पहाटे दूधवाल्यामागे चालणारी कुत्री यासाठी फार सोयीची.

ओळखीच्या एका निवृत्त पशुवैद्यकांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की मागच्या पायाचा जो उलटा गुडघा आपण काढतो ती टाच आहे. कुत्रा बोटांवर चालतो, खरा गुडघा वर पोटाशी असतो. भुऱ्याची लंगडी चाल बघून मात्र ते हसले. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना कुत्रा डोकं वर घेतो आणि चांगला पाय टेकताना खाली. स्टुडिओने नेमकं उलटं केलं होतं. दुरुस्ती झाल्यावर भुऱ्याचं वय एकदम दहा वर्षांनी वाढलं.

भाषेवर बराच वाद झाला. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांसाठी प्रमाण मराठी ठेवावी, असं एक मत. पण चिंगी नागपूरच्या नाल्याकाठची. आपल्याकडे विदर्भाची बोली पडद्यावर आली की ती बहुतेक वेळा हसवायलाच आलेली असते, आणि दिग्दर्शिकेला याचाच राग होता. तिने वाटणी उलटी केली. ब्रूनो पुस्तकी मराठी बोलतो, मध्येच ‘सिट’, ‘स्टे’ म्हणतो, आणि हसू त्याच्यावर येतं. चिंगी महालातल्या टोळीच्या म्होरक्याला म्हणते, “मले माह्यं पिल्लू पाह्यजे. तुही गल्ली ठेव तुह्यापाशी.” तिथे कुणी हसत नाही.

भुऱ्याचा आवाज झाडीपट्टी रंगभूमीवरच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांतल्या, एका नटाने दिला. त्यात एक व्यावहारिक अडचण आली. दिवाळी ते होळी त्यांचा हंगाम, रोज रात्री नवं गाव, तेव्हा तारीख मिळत नाही. त्यामुळे दोन दृश्यं तात्पुरत्या आवाजावर ॲनिमेट केली आणि नंतर खरा आवाज आला तेव्हा त्याची लय वेगळी निघाली. ती दृश्यं पुन्हा करावी लागली. शिवाय गृहस्थांना शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. माइकपासून चार पावलं मागे उभं केल्यावर जमलं.

मिठीच्या दृश्यावर दोन मार्ग होते. ते ठेवून सुरुवातीला सूचनेची पाटी लावायची, किंवा दृश्यच बदलायचं. पाटी कुणी वाचत नाही. शिवाय रेबीजच्या बाबतीत चूक परवडत नाही. चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठायचा, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. म्हणून दृश्य बदललं. पारडीकडच्या मुलाला क्रेटमधलं पिल्लू सापडलेलं आहे. चिंगी येते, गुरगुरते. मुलगा पिल्लू जमिनीवर ठेवतो आणि हळूहळू मागे सरकतो, पाठ न दाखवता. ती येऊन पिल्लू उचलते. दोघांत अंतर राहतंच. आधीपेक्षा हे दृश्य जास्त परिणाम करतं, आणि त्या आईला पुन्हा बोलावून दाखवलं तेव्हा तिने हरकत घेतली नाही.

ई-रिक्षा मात्र राहिली. आता तिच्यात क्रेट आहे, ड्रायव्हरला पत्ता नाही, आणि चिंगी मागे धावते आहे. ती पोचू शकत नाही. दुसऱ्या खेळाला याच जागी मुलं खुर्चीवर उभी राहून “पळ, पळ” ओरडत होती.

निष्पत्ती

चित्रपट पूर्ण झाला, ठरलेल्या वेळेच्या बराच नंतर. शहरातल्या काही शाळांत आणि दोन-तीन छोट्या महोत्सवांत दाखवला गेला, त्याहून जास्त ठिकाणांहून नकार आला. पैसे परत आलेले नाहीत आणि येतील असं कुणी म्हणतही नाही. मिळालं ते काम: मुलांच्या आरोग्यविषयक फिल्मची एक मालिका, जी बिल्डरच्या वॉकथ्रूपेक्षा कमी पैशाची पण हाताने काढायची आहे. पार्श्वभूमी काढणारी मुलगी पुण्याला मोठ्या स्टुडिओत गेली, तिच्या कामाच्या नमुन्यात मारबतीचं दृश्य पहिलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

नियमावली आधी. हे आता सगळेच म्हणतात, पण त्यात एक मेख आहे. रिक्षा चालवणारी कुत्री चितारून झाली नसती, तर त्या मुलाने तो प्रश्न विचारला नसता. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे: ॲनिमॅटिकची वाट न बघता नुसता स्टोरीबोर्ड भिंतीवर लावून मुलांना गोष्ट तोंडी सांगावी. तिथेच तो प्रश्न आला असता, आणि तेही एकही शॉट पूर्ण होण्याआधी. पूर्ण झालेला सुंदर शॉट टाकताना सगळ्यांचे हात थरथरतात. दुसऱ्या पर्यायाला जो पाठिंबा मिळाला तो बहुतांशी त्या दोन शॉटमुळे.

आवाज आधी, चित्र नंतर, हा ॲनिमेशनचा जुना शिरस्ता मोडायला नको होता. झाडीपट्टीचा हंगाम काही अचानक येत नाही. भुऱ्याचं रेकॉर्डिंग पावसाळ्यात उरकता आलं असतं.

साहेबांशी बोलणं सुरुवातीलाच लेखी हवं होतं. पैसे देणाऱ्याला पटकथेत किती बोलता येईल, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. ते मुद्दाम आडवे आले असं मला वाटत नाही. त्यांनी एक चित्रपट मनात धरून पैसे दिले आणि मध्येच तो दुसराच झाला. त्यांच्या जागी मीही हप्ता थांबवला असता कदाचित.

आणि एक गोष्ट अजून अडकलेली आहे. शाळेच्या दप्तरांचा एक व्यापारी चिंगी आणि ब्रूनोची चित्रं दप्तरांवर छापायला मागतो आहे. चिंगीचं मूळ रेखाटन मुख्य ॲनिमेटरचं, तो पगारी आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. ब्रूनोचं रेखाटन मात्र बाहेरच्या एका चित्रकाराने केलं, मानधनावर, आणि हक्क हस्तांतराचा एकही कागद नाही. व्यापाऱ्याला दोन्ही कुत्री एकाच दप्तरावर हवी आहेत. चित्रकार म्हणतो, हिस्सा द्या; स्टुडिओ म्हणतो, मानधन दिलं होतं. वकिलाने दोघांना एकत्र बसून आता तरी कागद करा असं सांगितलं आहे, आणि शाळा सुरू व्हायच्या आत तो झाला नाही तर व्यापारी दुसरं चित्र बघणार आहे.